उजव्या खांद्याचा डाग

माणूस एक वेळ डॉक्टरशी खरं बोलेल, पण लाँड्रीवाल्याशी? नाव नको. चहाचा डाग असेल तर म्हणेल, "काय की बाई, शाई असेल." शाईचा असेल तर भांडायलाच उठेल, "आधी नव्हता, तुमच्याकडेच पडला!" असंच एका नवरदेवाच्या कोटावरून महाभारत झालं, तेव्हा वहिनीच्या नवऱ्याने कानाला खडा लावला आणि दुकानात डागवही सुरू केली. खुणेचा नंबर, कपडा, डाग कुठे, डाग कशाचा. शेवटच्या रकान्यात गिऱ्हाईक सांगेल ते लिहायचं, न सांगितलं तर कोरा ठेवायचा. वहीत नोंद झाल्याशिवाय रुमालसुद्धा मशीनमध्ये जायचा नाही. नियम परक्याला तोच घरच्याला. त्याचा स्वतःचा नंबर एक, वहिनीचा दोन, त्याच्या आईचा तीन.

वहिनी म्हणजे सगळ्या गल्लीची वहिनी. तिचं खरं नाव कुणाला आठवत असेल तर शपथ. खाली दुकान, दुकानाच्या पाठीमागून जिना, वर दोन खोल्या. खाली ती दिवसभर इस्त्रीच्या वाफेत, वर सासूबाई दिवसभर खिडकीत.

आणि नवरा? तो नदीत.

नदीपलीकडच्या विश्रामगृहाचे पडदे आणायला तो महिन्यातून दोनदा जायचा. त्या दिवशी नाव मधोमध उलटली. नावाड्याच्या यादीत बारा जण होते. सहा दिवसांत दहा सापडले. अकरावा एक मास्तर आणि बारावा हा, दोघं सापडलेच नाहीत. सरकारी चौकशी झाली, साक्षी झाल्या, आणि शिक्का मारून मृत्यूचा दाखला वहिनीच्या हातात आला. तो निळा चौकड्यांचा शर्ट घालून गेला होता. घरी पाच शर्ट उरले.

सासूबाई रडल्या नाहीत. आठव्या दिवशी जिन्यावरून खाली ओरडल्या, "गेलेला गेला. दुकान उघड. लोकांचे कपडे अडकलेत." बाई होतीच तशी, नारळासारखी टणक, आणि आतलं पाणी कुणाला दिसू द्यायची नाही. विम्याचा अर्जही त्यांनीच करायला लावला. म्हणाल्या, "त्याने हप्ते भरलेत. हक्काचं आहे, भीक नाही."

वहिनीने दुकान उघडलं, अर्ज भरला. पण ते पाच शर्ट काही तिने बांधून ठेवले नाहीत. बंद कपाटात कपडा पिवळा पडतो, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? असं ती स्वतःला सांगायची. खरी गोष्ट अशी, की संध्याकाळी शटर ओढलं, वर आली, सासूबाई आतल्या खोलीत आडव्या झाल्या, की ती त्यातला एक शर्ट आपल्या कपड्यांवरून चढवायची आणि बाह्या दुमडून बाहेरच्या खोलीत बसून राहायची. शनिवारी पाचही शर्ट धुवायला काढायची. आणि नियम म्हणजे नियम, वहीत लिहायची. नंबर एक, पांढरा शर्ट, कॉलर मळकी. शेवटचा रकाना कोरा. काय लिहिणार तिथे, माझीच मान म्हणून?

सासूबाई गॅलरीत वाळणारे शर्ट बघायच्या आणि कपाळाला आठ्या घालायच्या. "किती धुशील त्यांना?"

"राहू द्या हो, आई."

"किती धुशील!" एवढंच म्हणून त्या खिडकीकडे तोंड फिरवायच्या.

दोन महिन्यांनी विमा कंपनीचा तपासनीस आला. वहिनी माणसाला आधी कपड्यांवरून वाचते, तोंडावरून मग. याच्या बाहीवर एकाऐवजी इस्त्रीच्या दोन रेघा. म्हणजे स्वतःच इस्त्री करणारा, घाईने करणारा, आणि रेघ चुकली हे सांगणारं घरात कुणी नसलेला. मनातल्या मनात तिने त्याचं नाव दोनरेघी ठेवलं. गोड बोलायचा, मान खाली घालून लिहायचा, पण ताकास तूर लागू द्यायचा नाही.

"वही फार नीटनेटकी ठेवता तुम्ही," तो म्हणाला.

झालं! वहिनी फुलली. "बघा की. आमच्याकडे लपवाछपवी नाही." आणि वही उलगडून त्याच्यापुढे ठेवली. त्याने फोन काढला आणि पानामागून पान टिपून घेतलं. मग म्हणाला, वरचं घर बघू का? तिने वर नेलं. त्याने कपाट पाहिलं, शर्ट मोजले, पेल्यातला दुसरा ब्रश पाहिला, दाराशी ठेवलेल्या पुरुषी चपला पाहिल्या. निघताना एक कागद पुढे केला, अर्धा लिहिलेला, अर्धा कोरा. तिने सही केली. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घ्यायचा तो किती सफाईने, तर असा.

तो पुन्हा आला. मग पुन्हा. दर खेपेला वहीची नवी पानं टिपून न्यायचा. औषधाच्या दुकानात, समोरच्या चांभाराकडे, सगळीकडे विचारून झालं, वहिनींकडे कुणी येतं का हो, आडवेळेला? गल्लीला काय, आयतीच करमणूक. चांभाराची बायको एकदा कपडे घेताना हळूच म्हणाली, "आम्हाला सांगितलंत तरी आम्ही काही बोलणार नाही हो." वहिनीने तिच्या हातात पावती कोंबली आणि वाफेच्या इस्त्रीचं बटण मुद्दाम दाबलं.

पण त्या बाईला काय माहीत, की वहिनीजवळ खरोखरच सांगण्यासारखं काहीतरी होतं.

नाव उलटल्यानंतरचा तिसरा शनिवार. पांढरा शर्ट तिने धुण्याआधी सवयीने उलटा केला, आणि उजव्या खांद्याला आतून डाग दिसला. तेलाचा. अंगठ्याने चोळल्यासारखा लांबट. तिने नाकाशी नेला. निलगिरीचं तेल! पंधरा वर्षं जड इस्त्री ओढून त्याचा उजवा खांदा धरला होता. रोज सकाळी तो तेच तेल खांद्याला चोळायचा आणि वरून शर्ट चढवायचा. वर्षानुवर्षं तो डाग तिने लिहिला होता. पण नाव उलटायच्या आदल्या आठवड्यात बाटली संपली होती. रिकामी बाटली तिने स्वतःच्या हाताने कचऱ्यात टाकली होती. घरात त्या तेलाचा थेंब नव्हता.

तिने वही ओढली. अक्षर नीट काढलं. नंबर एक, पांढरा शर्ट, कॉलर मळकी. तेल, उजवा खांदा, आतून. पुढचा रकाना कोरा.

पुढच्या शनिवारी राखी शर्टाला तोच डाग. त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा पांढऱ्याला.

कुणाला सांगणार? सासूबाईंना? ज्यांनी आठव्या दिवशी गेलेला गेला म्हणून टाकलं, त्यांना? छे. वहिनीने ते पोटात ठेवलं. पाच वाजता चहाला वर यायची, तर जिन्यातच कधीकधी तो वास असायचा. मधल्या पायरीवर ती थबकायची. "आलात?" असं अगदी हळू म्हणायची. वरून फक्त सासूबाईंच्या खोकल्याचा आवाज. दुपारी जिन्याचं मागचं दार ती आता कडी न लावता नुसतं लोटून ठेवू लागली. चपला सरळ ठेवायची, पायात सरकवायला सोप्या. भीती वाटायची का? वाटायची. मशीन फिरताना गोल काचेआड शर्टाची बाही वर यायची, काचेवर आपटायची, पुन्हा पाण्याखाली जायची. तेव्हा ती पाठ फिरवून उभी राहायची. पण ती भीती तिला हवी होती, हे तितकंच खरं.

एका दुपारी दुकान बंद करून वर लपून बसली असती तर सोक्षमोक्ष झाला असता. पण सोक्षमोक्ष हवा होता कुणाला?

असं वर्ष उलटलं. एके दिवशी काळा कोट, नंबर एकेचाळीस, घ्यायला वकीलबाई आल्या. दोनरेघी नुकताच दारातून बाहेर पडला होता. वकीलबाईंनी त्याच्या पाठीकडे पाहिलं, वहिनीच्या तोंडाकडे पाहिलं, आणि स्टुलावर बसल्या. दहा प्रश्न विचारून झाल्यावर त्यांनी कपाळावर हात मारला.

"वही दिलीस? घर दाखवलंस? कोऱ्या कागदावर सही केलीस? अगं, आणखी काही द्यायचं राहिलं होतं का? इस्त्री तरी द्यायचीस!"

"मला वाटलं, नाही म्हटलं तर संशय येईल."

"संशय त्यांना आलेलाच आहे, म्हणून तर माणूस आलाय. ऐक माझं. त्यांना चौकशी करायचा हक्क आहे, आणि तू खरं तेच सांगायचंस, त्यात कसूर नको. पण घरात पाऊल ठेवायचं ते तुझ्या परवानगीने. उत्तरं द्यायची ती मी शेजारी असताना. जे लिहून घेतील ते वाचल्याशिवाय सही नाही, आणि त्याची प्रत तिथल्या तिथे मागायची. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, फसवणूक झाली असं जो म्हणतो, ती त्याने सिद्ध करायची असते. तू निर्दोष आहेस हे तू सिद्ध करत बसायचं नाही. वर्षभर झुलवत ठेवतात म्हणजे काय! त्यांच्याकडे काय पुरावा आहे तो समोर ठेवा, असं पत्र मी लिहून देते. तू टाक."

पत्र आलं. वहिनीने ते टाकायचं सोडून गल्ल्याच्या खणात ठेवलं आणि तीन आठवडे ठेवूनच दिलं.

आता वाचणाऱ्याला वाटेल, बाई वेडी की काय. वेडी नव्हती. दोनरेघी तिला लबाड समजत होता, म्हणजेच तिचा नवरा जिवंत आहे असं मानत होता. तसं मानणारी अख्ख्या जगात दोनच माणसं, एक ती आणि दुसरा तो. आणि तो तर पगार घेऊन शोधत होता! ते पत्र गेलं असतं तर कंपनी एक तर पुरावा दाखवती, नाही तर शोध थांबवती. न थांबला तर बरं, असं तिला वाटायचं. एकदा तर तिने त्यालाच विचारलं, अगदी मनापासून, "तुम्हाला काय वाटतं हो, कुठे असतील हे?"

दोनरेघीने पेन थांबवलं. तिच्याकडे पाहिलं. मग खाली मान घालून काहीतरी लांबलचक लिहिलं.

आणि कंपनीचंच पत्र आलं. विमाधारक जिवंत असून कुटुंबाच्या संगनमताने लपून राहत असल्याचा ठोस पुरावा हाती आला आहे. सोमवारी अकरा वाजता जबाबासाठी हजर राहावे. समाधानकारक खुलासा न झाल्यास दावा फेटाळून प्रकरण पोलिसांकडे देण्यात येईल.

ठोस पुरावा! वहिनीने ते दोन शब्द तीनदा वाचले. वकीलबाई धापा टाकत आल्या, तर ही काउंटरमागे बसून हसतेय.

"तुरुंगाचं दार दाखवतायत आणि तुला हसू येतंय?"

"त्यांना सापडलेत वाटतं, बाई."

वकीलबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तुझ्याजवळ मला न सांगितलेलं काही आहे का?" वहिनीने मान हलवली, नाही म्हणून. वकीलबाईंनी खणातलं पत्र स्वतः उचललं आणि स्वतः पोहोचवलं.

सोमवारी निघताना सासूबाई जिन्यात काठी घेऊन उभ्या. "मी येणार."

"आई, तुमचे गुडघे..."

"गुडघे माझे आहेत. लेकही माझाच होता. हो पुढे."

कंपनीच्या कचेरीत एक लांब टेबल, काचेची भिंत, पंख्याचा कटकट आवाज. पलीकडे दोनरेघी आणि त्याचा वरिष्ठ. वकीलबाईंनी खुर्ची ओढली आणि बसायच्या आधीच सुरू झाल्या. "माझ्या पक्षकार उत्तरं देतील. पण आधी पुरावा टेबलावर. काय आहे ते न दाखवता प्रश्न विचारायचे नाहीत."

वरिष्ठाने मान डोलावली. दोनरेघीने फाईल उघडली. आता फोटो निघेल. एखाद्या स्टँडवरचा, एखाद्या दुसऱ्या शहरातला, पाठमोरा का असेना. तिने पदराचं टोक मुठीत धरलं.

फाईलमधून तिचीच वही निघाली. पानांच्या प्रती, काही जागी पिवळ्या रेघा ओढलेल्या.

"अपघातानंतरचा तिसरा शनिवार," दोनरेघी वाचू लागला. "नंबर एक, पांढरा शर्ट, कॉलर मळकी. तेल, उजवा खांदा, आतून. पुढचा शनिवार. राखी शर्ट, कॉलर मळकी. तेल, उजवा खांदा, आतून." पान उलटलं. "मेलेल्या माणसाच्या कॉलरी मळत नाहीत. शेजारी सांगतात, विमाधारक उजव्या खांद्याला तेल लावत असे. अशा एकूण बावन्न नोंदी आहेत. अक्षर तुमचंच ना?"

"माझंच," वहिनी म्हणाली. "आणखी?"

"आणखी काय?"

"आणखी काय सापडलं? ते कुठे दिसले? कुणी पाहिलं त्यांना?"

दोनरेघीने वरिष्ठाकडे पाहिलं. "मागचं दार उघडं असतं. चपला दाराशी असतात. ब्रश आहे. आणि ही वही. हाच पुरावा आहे."

एवढंच. वर्षभर हा माणूस उन्हातान्हात ज्याला शोधत फिरला, तो तिनेच लिहिलेला होता. दार तिनेच लोटलेलं, चपला तिनेच सरळ केलेल्या. नदीत बुडाल्याच्या दिवशी नाही, दाखल्याच्या दिवशी नाही, तिचा नवरा त्या टेबलावर मेला.

"कॉलर माझ्याने मळते," ती म्हणाली. वकीलबाईंनी तिच्या हातावर हात ठेवला, पण ती थांबली नाही. "संध्याकाळी मी त्यांचा शर्ट घालून बसते. रोज. लाज वाटते सांगायला, पण घालते."

"आणि तेल?"

"तेलाचं मला माहीत नाही."

"बाई, बावन्न वेळा तुम्ही लिहिलंय."

"डाग दिसला म्हणून लिहिला. कशाचा ते माहीत नव्हतं म्हणून रकाना कोरा ठेवला. बघा, कोराच आहे." तिने त्या रकान्यावर बोट टेकवलं. "मला वाटत होतं हे येतात. दुपारी मी खाली असते तेव्हा येऊन शर्ट घालून बघतात आणि जातात. म्हणून दार उघडं ठेवत होते. तुम्ही पत्रात पुरावा म्हणालात, मला वाटलं तुम्हाला तरी दिसले."

दोनरेघीने शेवटचा रकाना पानापानावर तपासला.

तेवढ्यात टेबलावर टक्कन काहीतरी ठेवल्याचा आवाज झाला. छोटी बाटली. निलगिरीचं तेल, अर्धं उरलेलं. सासूबाईंनी ती कनवटीतून काढली होती.

"काखेत कळसा नि गावाला वळसा," त्या म्हणाल्या. "एवढे शिकलेसवरलेले तुम्ही, सगळ्या गल्लीला विचारलंत. मला विचारलंत का? म्हातारी खिडकीत बसते, तिला काय कळतंय! तेल मी लावते."

"आई?" वहिनी म्हणाली.

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्या बाटलीकडेच बघत होत्या. "गोळ्या आणायला जाते तेव्हा घेऊन येते. ही दर शनिवारी पाचही शर्ट धुऊन टाकते. साबण, नीळ, काय नि काय. सोमवारी कपाट उघडावं तर माझ्या पोराचा वासच नाही. मग दुपारी ही खाली गेली की एका शर्टाला लावते, त्याच्या जागेवर लावते, आणि उशीला घेऊन पडते. कितीदा म्हटलं हिला, किती धुशील त्यांना? किती धुशील?"

आणि ती बाई, जी आठव्या दिवशी रडली नव्हती, ती विमा कंपनीच्या टेबलावर डोकं टेकून हमसाहमशी रडली. वहिनीने खुर्चीसकट स्वतःला तिच्याकडे ओढलं आणि तिला पोटाशी धरलं. दोघींमध्ये एक जिना, एक कपाट आणि पाच शर्ट. चौदा महिने एक जण त्याला धुऊन काढत होती, दुसरी परत आणत होती, आणि दोघी एकमेकींपासून चोरून.

वकीलबाईंनी चष्मा पुसला, घसा खाकरला. "जबाब लिहून घ्या. जसा बोलल्या तसाच. आणि फसवणुकीचा दुसरा काही पुरावा नसेल तर तसंही लिहा." दोनरेघीने लिहिलं. वहिनीने तो कागद पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचला, एका ठिकाणी खांदा डावा लिहिला होता तो उजवा करायला लावला, मग सही केली आणि प्रत मागून घेतली. दोनरेघी त्यांना दारापर्यंत सोडायला आला. बाहीवरच्या दोन रेघांवरून हात फिरवत उभा राहिला.

दावा मंजूर झाल्याचं पत्र महिन्याने आलं. सासूबाईंनी ते वाचायला लावलं आणि म्हणाल्या, "ठेव."

पण ती गोष्ट नंतरची. त्या सोमवारनंतरच्या शनिवारी वहिनीने मागच्या दाराला कडी घातली, नेहमीसारखा कपड्यांचा ढीग मशीनपाशी आणला आणि वही उघडली. नंबर एक, पांढरा शर्ट. कॉलर मळकी. डाग कशाचा? पहिल्यांदाच त्या रकान्यात तिने लिहिलं, माझा. तेल, उजवा खांदा, आतून. डाग कशाचा? आईंचा.

वही मिटून तिने मशीन सुरू केलं. शर्ट त्यात घातला नाही. हातावर घेऊन जिना चढली, सासूबाई खिडकीत बसल्या होत्या, त्यांच्या मांडीवर तो ठेवला आणि स्वतः खाली त्यांच्या पायाशी बसली.

"धुतला नाहीस?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही आई," ती म्हणाली. "आता ते यायचे नाहीत."